चिंचगुंडीच्या रात्रीचे विस्मरण

22 जून 1897 ही तारीख महाराष्ट्राला पाठ आहे. पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर त्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकर बंधू फासावर गेले. चिंचवडला त्यांचे स्मारक उभे राहिले आणि त्या तारखेच्या नावाने चित्रपटही निघाला. परंतु 29 एप्रिल 1858 ही तारीख किती मराठी घरांना ठाऊक आहे? रँडच्या वधाच्या एकोणचाळीस वर्षे आधी, अहेरी जमीनदारीच्या अरण्यात, प्राणहितेच्या काठावर चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर रात्री हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा त्यांचा सहकारी निसटला आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्यापर्यंत पोहोचला.

हा सारा मुलूख 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा होईपर्यंत चांदा जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात मोडत असे. प्राणहिता येथून खाली वाहत जाते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा येथे एकाच बाजारात बोलल्या जातात. 1857च्या स्वातंत्र्यसमराचा नकाशा मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी असा उत्तरेत आखून आपण थांबतो. त्या नकाशात प्राणहितेला जागा नसते.

तळावर चालून गेलेली माणसे मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांच्या फौजेतील होती. 1854 मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि चांद्याचा प्रदेश कंपनी सरकारच्या हाती गेला. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या रानात आपल्या रीतीने नांदणाऱ्या गोंड जमीनदारांवर परका अंमल आला. मार्च 1858 मध्ये बाबुरावांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामनपेठ अशा एकामागून एक चकमकी झडल्या आणि त्यानंतर चिंचगुंडीची रात्र आली.

तारखात्याच्याच तळावर घाला का पडला, हा प्रश्न विचारल्याखेरीज या घटनेचा अर्थ लागत नाही. 11 मे 1857 रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला संदेश गेला आणि तो पुढे लाहोरला पोहोचला. उठावाचे लोण येण्याआधीच, 13 मे रोजी, लाहोरच्या छावणीतील हिंदी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. घोडेस्वाराला जे अंतर कापायला अनेक दिवस लागत, ते तारेने काही क्षणांत कापले. राजवट तारेच्या बळावर टिकते आहे, हे इंग्रजांनी स्वतःच मान्य केले. दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ 1902 मध्ये तारखात्याच्या लोकांनी उभारलेला स्तंभ आजही आहे. त्या दिवशी तार तपासायला गेलेला आणि परत न आलेला चार्ल्स टॉड, तसेच संदेश पाठवणारे ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे दोन तरुण यांच्या स्मरणार्थ तो उभा केला गेला. हिंदुस्थान तारेने वाचवला, अशा आशयाचे वाक्य त्यावर कोरलेले आहे. त्याच्या बाजूने रोज हजारो वाहने जातात. थांबून वाचणारा विरळा. चिंचगुंडीच्या दोघांच्या वाट्याला तेवढीही कीर्ती आली नाही.

कंपनी सरकारच्या लेखी ही घटना म्हणजे खून होता. ज्यांचा देश होता त्यांच्या लेखी ते युद्ध होते. सावरकरांनी 1857ला ‘बंड’ न म्हणता ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले, तेव्हा त्यांनी केवळ शब्द बदलला नाही. साऱ्या इतिहासाकडे पाहण्याची जागाच बदलली. तोच न्याय चिंचगुंडीलाही लागू होतो. मात्र तो लागू करताना एक फरक प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. रँडच्या माथी प्लेगच्या काळातील जुलमांचे पाप होते. गार्टलंड आणि हॉल यांच्यावर तसा कोणताही वैयक्तिक आरोप इतिहासाने ठेवलेला नाही. ते पगारी नोकर होते आणि परक्या सत्तेची तार त्यांच्या हाती होती, म्हणून ते मारले गेले. युद्धाची ही कठोर बाजू झाकून ठेवल्याने बाबुराव मोठे होत नाहीत.

पुढची कथा अधिक क्लेशकारक आहे. क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. त्यांच्या माणसांनी 18 सप्टेंबर 1858 रोजी बाबुरावांना पकडले आणि 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. वय अवघे पंचवीस. व्यंकटराव बस्तरला निसटले. 1860 मध्ये तेही पकडले जाऊन जन्मठेपेची शिक्षा भोगू लागले. त्यांच्या जप्त झालेल्या जमीनदारीतील गावे अहेरीला बक्षीस मिळाली. झाशीच्या लक्ष्मीबाईंनी जून 1858 मध्ये ग्वाल्हेरपाशी रणात देह ठेवला आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी त्याच नावाच्या दुसऱ्या स्त्रीच्या हातून एक स्वातंत्र्यवीर शत्रूच्या स्वाधीन झाला! त्या घराण्याच्या आजच्या पिढीला याबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल. पण आपल्यातलीच फूट परक्याला किती स्वस्तात मिळते, हा धडा मात्र विसरता कामा नये.

बाबुरावांचे स्मरण अगदीच होत नाही, असे नाही. चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळाखाली 21 ऑक्टोबरला माणसे जमतात. 12 मार्च 2009 रोजी, त्यांच्या जयंतीदिनी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. परंतु हे स्मरण फासाच्या दोरापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ते कसे मेले हे आपण सांगतो. ते कशासाठी आणि कसे लढले हे सांगत नाही. नुसत्या मरणाच्या स्मरणातून तसबीर मिळते, हार मिळतो. प्रेरणा मिळत नाही. कर्तृत्वाची जागा दाखवता आली पाहिजे, आणि ती जागा प्राणहितेच्या काठी आहे.

म्हणून सिरोंचाकडे जाणाऱ्या वाटेवर, चिंचगुंडीच्या परिसरात, प्रवाशाला थांबवील असा एक शिलालेख हवा. तो गोंडी, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषांत असावा. त्यावर तारीख असावी, बाबुराव आणि व्यंकटराव यांची नावे असावीत, तारखात्याच्या तळावर घाला का पडला ते असावे, आणि गार्टलंड व हॉल यांचीही नावे असावीत. शत्रूची नावे कशाला, असे कोणी विचारील. दिल्लीच्या रिजवर इंग्रजांनी आपल्या मृतांसाठी उभारलेला मनोरा स्वतंत्र भारताने पाडला नाही. 1972 मध्ये तेथे नवा फलक बसवला गेला आणि जुन्या लेखात ज्यांना ‘शत्रू’ म्हटले आहे ते परकीय सत्तेविरुद्ध उठलेले वीर होते, असे सांगितले गेले. ज्याला आपल्या सत्याची खात्री असते, त्याला दुसऱ्याचे नाव खोडावे लागत नाही.

या अरण्यात गेली चार दशके दगड उभारणे आणि पाडणे हेसुद्धा लढाईचाच भाग झाले होते. माओवाद्यांनी गावोगावी आपल्या मृतांची स्मारके बांधली, पोलिसांनी ती पाडली. आणि खबरी ठरवून ज्या वनवासींची हत्या झाली त्यांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत. अशा भूमीत खरा इतिहास सांगणारा एक दगडही मोठे काम करील. आपला पूर्वज परक्या सत्तेशी लढला आणि तो साऱ्या देशाचा होता, हे येथील मुलाला आपल्या गावच्या रस्त्यावर, आपल्या भाषेत वाचता आले, तर बाहेरून आणलेली बंदूक त्याला आपली वाटणार नाही. शासनाची वाट पाहण्यापेक्षा गावाने, शाळेने आणि समाजाने मिळून हे काम हाती घ्यावे. त्यासाठी 29 एप्रिल हाच मुहूर्त उचित होय.