अजिंठ्याचा बॅकअप

‘अजिंठा डिजिटल झाला, म्हणजे वाचला’ असं म्हणणारे बहुतेक माझ्याच सॉफ्टवेअरच्या धंद्यातले असतात, त्यामुळे हे भांडण घरातलं आहे. नक्कल काढली की मूळ वाचतं, हा समज संगणकाहून जुना आहे आणि तो दोनदा जळालेला आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून लेण्यांत राबून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ नव्यानं नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५मध्ये लंडनलाच जळाल्या. पण सगळ्या शाबूत राहिल्या असत्या, तरी भिंतीवरचा एक पोपडाही त्यांनी धरून ठेवला नसता.

अजिंठ्याचं चित्र म्हणजे नुसता रंग नव्हे. खडकावर मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर, मग रंग. गिलावा खडकापासून सुटून फुगू लागतो, तेव्हा समोरून काढलेल्या फोटोत पद्मपाणी तितकाच शांत दिसतो. फुगवटा सापडतो तो त्रिमितीय स्कॅनमध्ये: भिंतीवर प्रकाशाच्या पट्ट्या टाकायच्या, कॅमेरा तिरका लावायचा आणि पट्टी जिथे वाकते तिथली उंची हिशेबानं काढायची. तरी एका स्कॅनमधून भिंत आज कशी आहे एवढंच कळतं. ती हलते आहे का, हे समजायला त्याच पक्क्या खुणांशी जुळवलेला दुसरा स्कॅन लागतो, मग तिसरा. आमच्या राधानगरी धरणाची पाणीपातळी एकदाच मोजून कुणी वही मिटली असती, तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं.

१९२०-२२मध्ये इटालियन तज्ज्ञांनी चांगल्या हेतूनं चित्रांवर लाखेचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला. उपाय केल्यावरही मोजत राहावं लागतं ते यासाठीच.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा २०२२मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. पण ती चित्राच्या तपासणी-दुरुस्तीच्या कामातून आली होती, त्या कामाऐवजी नव्हे. आपल्याकडे मात्र डोळ्यांवर हेडसेट चढवून लेणं फिरवून आणलं की टाळ्या पडतात.

तेव्हा यापुढे कुणी ‘डिजिटल जतन’ जाहीर केलं, तर तीन गोष्टी विचारा. पुढचा स्कॅन कधी? पक्क्या खुणा कुठे? आणि मोजमापं अभ्यासकांना मिळणार, की हार्ड डिस्क कपाटात जाणार? उत्तरं नसतील, तर झाली ती जाहिरात. तिला जतन म्हणू नका.