दोन इंच पुरेत!

सध्या मुक्काम पोस्ट डेन्व्हर. लेकाकडे येऊन दोन महिने झाले. थंडीचा कडाका नाही, सौ.चे गुडघे बरे आहेत, वाचायला पुस्तकं आहेत. म्हणजे सगळं शांत असायला हवं होतं. पण गेले तीन आठवडे घरात एकच विषय चालू आहे. ट्रक किती उंच करायचा?

तर झालं असं. आमच्या नातवाने, वय वर्षे १९, दोन उन्हाळे दुकानात राबून पैसे साठवले आणि एक जुना टोयोटा टकोमा घेतला. पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोमॅटोचे क्रेट नाहीतर लग्नातली भांडी वाहणारी गाडी येते. इथे मात्र कॉलेजला, किराणाला, डोंगरात, सगळीकडे लोक पिकअप नेतात. आता नातवाला त्याला ३५ इंची टायर हवेत. ते बसत नाहीत, म्हणून गाडी सहा इंच उचलणारं लिफ्ट किट हवं. चिरंजीव म्हणाले, "अजिबात नाही." सूनबाई काहीच बोलल्या नाहीत. मग नातू माझ्याकडे आला. "आबा, तुम्ही तरी बाबांना सांगा ना!"

खरं सांगतो, माझा निकाल आधीच लागला होता. ही निव्वळ शोबाजी! पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, शर्टाची कॉलर वर करणारी मुलं मी लांबून ओळखतो. पण एकाच बाजूचं ऐकून निकाल द्यायचा नाही, हेही वर्गातच शिकलो. म्हणून म्हटलं, "आधी मला दाखव, तुला हे लागतं कुठे."

त्याने दाखवलं. आम्ही सॅन वान पर्वतात गेलो. तिथे लेक सिटी, यूरे आणि सिल्व्हरटन या जुन्या खाणींच्या गावांना जोडणारा सुमारे ६५ मैलांचा अल्पाइन लूप नावाचा रस्ता आहे. रस्ता कसला, बऱ्याच ठिकाणी दगडांची रांगच! सौ. शहाणी, ती गावातच थांबली. इंजिनिअर पास ही खिंड १२,८०० फुटांवर आहे. मला बसल्या बसल्या धाप लागली. चढावर एका ठिकाणी गाडीच्या पोटाला दगड घासला आणि असा खर्रर्र आवाज आला की माझ्याच पोटात गोळा आला. नातू खाली उतरला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बघितलंत आबा?" बघितलं. मोठे टायर हवेत ही त्याची मागणी खोटी नव्हती. तेवढा माझा निकाल मी तिथेच मागे घेतला.

परत आल्यावर मात्र वही-पेन्सिल घेऊन बसलो. मी मराठीचा मास्तर, पण गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा तास मीच घ्यायचो. ते आता कामी आलं.

पहिली गोष्ट कळली ती अशी की टायर आणि लिफ्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल, तो बहुधा गाडीखालचा सगळ्यात खाली आलेला भाग. तो लिफ्टने एक सूतही वर जात नाही! तो वर जातो फक्त टायर मोठा केल्याने, आणि तोही टायरची उंची जितकी वाढेल त्याच्या निम्माच. लिफ्ट फक्त वरचा भाग उचलतं आणि टायरला फिरायला जागा करून देतं.

दुसरी गोष्ट, लिफ्ट तीन तऱ्हेचं. एकात चासी आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतात. टायरला जागा मिळते, पण चासी आहे तिथेच राहते. दुसऱ्यात पुढच्या स्प्रिंगच्या वर एक चकती बसवतात. स्वस्त आणि मस्त, पण स्प्रिंग आणि शॉकअब जुनेच. चाकाला खाली जायला वाव कमी उरतो. तिसऱ्यात स्प्रिंगा, शॉकअब, मागचे पाटे सगळं नवीन येतं. तेही दोन-तीन इंचांपर्यंत सरळ काम आहे. सहा इंच म्हटलं की पुढचं डिफरन्शियल खाली घ्यायला वेगळे ब्रॅकेट लागतात, सांध्यांचे कोन बदलतात. खर्च काहीशे डॉलरांवरून काही हजारांवर जातो.

आता हिशेब. ट्रकचे टायर २६५/७० आर १६, म्हणजे उंची ७७७ मिलिमीटर, साधारण साडेतीस इंच. ३५ इंची टायर म्हणजे ८८९ मिलिमीटर. चाकाचा एक फेरा तेवढा लांब. त्यामुळे काटा ६० मैल दाखवेल तेव्हा गाडी पळत असेल ६८ च्या पुढे! काटा नव्याने जुळवून घेता येतो, पण इंजिनाला जे जड चाक फिरवायचं आणि ब्रेकला जे थांबवायचं, ते जडच राहतं. आणि गाडी उंच झाली म्हणून जास्त ओझं वाहील असंही नाही. तो आकडा कंपनीने ठरवला तेवढाच. उलट वजन वर गेल्याने वळणावर कलंडायची भीती वाढते. हेडलाइटसुद्धा पुन्हा खाली वळवून घ्यावे लागतात, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

नातू ऐकत होता, मान डोलावत होता. पटलं होतं असं नाही. आकड्यांनी एकोणिसाव्या वर्षी कुणाला पटतं? मलाही पटलं नसतं.

मग मी एक प्रयोग केला. शेजारची तीन वर्षांची चिमुरडी तिची तीनचाकी सायकल घेऊन सारखी आमच्या ड्राइव्हवेत असते. आमचं ऐकून तीही मला 'आबा' म्हणते. तिच्या आईला विचारून ती सायकल घेतली, तिच्यावर तिचंच टेडी अस्वल बसवलं आणि ट्रकच्या नाकासमोर ठेवलं. मी ड्रायव्हरच्या जागी. अस्वल गायब! नातू सायकल एकेक पाऊल मागे ओढू लागला. सात पावलांवर अस्वलाचे कान दिसले.

नातवाच्या मित्राकडे सहा इंच उचललेला, ३५ इंची टायरांचा ट्रक आहे. तो मुळातच मोठा, हे मान्य. पण त्याच्यासमोर तोच प्रयोग केला तेव्हा कान दिसायला बारा पावलं लागली. या वेळी मी नातवालाच वर बसवलं होतं. तो खाली उतरला आणि काही बोलला नाही. नुसता सायकलकडे बघत राहिला.

हा माझ्या घरचा प्रयोग. पण इथल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून जास्त, त्यांच्या धडकेत पायी चालणारा माणूस दगावण्याची शक्यता ३० इंच किंवा कमी उंचीच्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. हे कंपनीतून निघालेल्या गाड्यांबद्दल. त्यावर आपण हौसेने आणखी सहा इंच चढवायचे?

म्हणून माझं मत. आधी जायचं कुठे ते ठरवा, मग त्यासाठी टायर केवढा लागतो ते बघा, आणि तो टायर न घासता फिरेल एवढंच लिफ्ट घ्या. एक इंचही जास्त नको. बाजारात मात्र उलटं चालतं. आधी उंची आवडते, मग तिला शोभतील असे टायर, आणि शेवटी कारण म्हणून डोंगर. डोंगरात माणूस वर्षातून चार वेळा जातो. ड्राइव्हवेतून रोज निघतो.

भारतातल्या भाचेमंडळींसाठी एक सूचना. तिकडे हे मनात आणण्याआधी नियम बघा. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे. इथेही राज्याराज्यांचे नियम वेगळे. नॉर्थ कॅरोलायनाने तर नाक वर आणि शेपूट खाली अशा ट्रकांवर २०२१ मध्ये बंदीच घातली.

सौ.चं मत वेगळंच. नातूच तिला देवळात आणि दवाखान्यात नेतो. ती म्हणाली, "सहा इंच कर हो, पण मग मला चढायला घडवंची पण घे." तिच्या या एका वाक्याने माझ्या वहीच्या चार पानांपेक्षा जास्त काम केलं असावं!

अखेर नातवाने ठरवलं. टायर २६५/७५ आर १६, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या थोडे वर. लिफ्ट दोन इंच, पण चकत्यांचं नाही. नव्या स्प्रिंगा, शॉकअब आणि पाटे. डिफरन्शियल अर्धा इंच वर जाईल, पोट दोन-अडीच इंच. त्या दगडाला तेवढं पुरावं. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ वर असेल.

तो फार खूश आहे असं म्हणणार नाही. मित्राच्या ट्रकशेजारी त्याचा ट्रक बुटकाच दिसणार, आणि त्या वयात ते लागतं. रात्री मलाही वाटून गेलं, पोराच्या हौसेवर आपण पाणी तर नाही ना ओतलं? पैसे त्याच्या घामाचे होते. सकाळी खिडकीतून बघतो तर स्वारी दुकानाला निघाली होती. गाडी चालू करण्याआधी ट्रकच्या पुढे जाऊन, वाकून बघून आला. मग बसला.

असो. येत्या शनिवारी किट बसेल. तुमच्याकडेही असा कुणी नातू-भाचा असेल तर त्याला रागावू नका, एखादी तीनचाकी मागून आणा. आणि माझा हिशेब कुठे चुकला असेल तर जरूर कळवा. मास्तरांच्या चुका काढायला सगळ्यांनाच आवडतं!