मैदान हाही पाणवठाच आहे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यात पहाटे साडेचारलाच रस्ते जागे होतात. अंधारात पोरं-पोरी डांबरी रस्त्याच्या कडेने धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि वाळूचे हायवा जात असतात. धावणाऱ्यांत बौद्धवाड्यातली आणि मातंग वस्तीतली पोरं जास्त. एका गावात आम्ही विचारलं, शाळेचं एवढं मोठं मैदान आहे, तिथे का धावत नाही? एक मुलगी म्हणाली, "दादा, मैदान त्यांचं आहे."

'त्यांचं' म्हणजे कुणाचं, हे तिने सांगितलं नाही. आम्हाला विचारावंही लागलं नाही.

आम्ही कागद काढून पाहिले. जागा सरकारी. कुंपण आणि फाटक सार्वजनिक पैशातून झालेलं. पण फाटकाची किल्ली गावातल्या एका वजनदार माणसाच्या घरी. तिथे दरवर्षी क्रिकेटचा चषक भरतो, मंडप पडतो, भाषणं होतात. आपल्या पोरांचा संघ नाव द्यायला गेला, तर ऐकावं लागतं, "तुम्ही तुमच्या जयंतीला भरवा की!" मनाईचा फलक कुठेही नाही. आजची जात फलक लावत नाही. ती कुलूप लावते, टोमणा मारते आणि वर म्हणते, "आमच्या गावात जातपात नाही."

मित्रांनो, याला किरकोळ गोष्ट समजू नका. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक वापराच्या जागांचाही उल्लेख आहे. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या अशा जागेचा वापर जातीच्या कारणावरून कुणाला नाकारता येत नाही. सरकारी पैशातलं मैदान यात येतं. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा २०१५ मध्ये दुरुस्त झाला, त्यातही सार्वजनिक जागा वापरताना अडवणं हा गुन्हा ठरवला आहे. म्हणजे कागदावर मैदान आपलंच आहे.

पण कागदावर चवदार तळंही खुलंच होतं. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. हक्क कायद्यात लिहिला जातो आणि वापरल्यावरच खरा होतो. महाडने आपल्याला हेच शिकवलं.

कुणी म्हणेल, खेळात जात नसते, मैदानावर सगळे सारखे. मग पळवणकर बाळू आठवा. चांभार समाजातला हा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करायचा आणि सरावात त्यांना गोलंदाजी टाकायचा. गोऱ्यांना हरवायचं म्हणून सवर्ण हिंदूंच्या क्लबने त्याला संघात घेतलं. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळेला मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही भांडणानंतर. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे होते, हे आपण विसरत नाही. पण त्या मातीच्या भांड्याचा अपमान आपल्या सगळ्यांचा आहे. खेळ आपोआप जात मोडत नाही. आपला घाम त्यांना चालतो, बरोबरी चालत नाही.

आता थोडं आपल्या घरातलं बोलू. जयंतीला डीजेवर एका रात्रीत जेवढे पैसे उडतात, तेवढ्यात वस्तीत कबड्डीचं मैदान तयार होतं, व्हॉलीबॉलचं जाळं आणि गोळे येतात. समाजमंदिरात खुर्च्या आणि सतरंज्या कोंबलेल्या असतात. आणि आपल्याच वस्तीतल्या मोकळ्या जागेत संध्याकाळी कोण दिसतं? मुलगे. मुली त्या वेळी पाणी भरतात, भाकरी थापतात. सवर्णांनी आपल्याला मैदान नाकारलं, तसं आपणही आपल्या मुलींना नाकारणार असू, तर समतेची भाषा बोलू नये.

"खेळून पोट भरतं का? पोरांनी अभ्यास करावा," असं आपलेच जाणते लोक म्हणतात. अभ्यास हवाच. पण महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ज्याच्या गावाला मैदान नाही, त्याला ते कसं मिळणार? आणि प्रश्न फक्त नोकरीचा नाही. आपल्या आजा-पणज्यांचं शरीर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलं. उन्हात ते होतंच, पण दुसऱ्याच्या कामासाठी. त्यांची नात केवळ स्वतःच्या आनंदासाठी उन्हात धावते, तेव्हा ती गावगाड्याला उत्तर देत असते.

करायचं काय? ग्रामसभेत लेखी मागणी करा, पोच घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकांसाठी खर्च व्हायला हवेत. ते कुठे गेले, हे माहिती अधिकारात विचारा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे क्रीडांगण विकास अनुदानाची चौकशी करा. आणि मुख्य म्हणजे एकट्याने जाऊ नका, गटाने जा.

त्या गावातल्या मुलींनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत अर्ज दिला. सात जणींच्या सह्या होत्या. कुजबुज झाली, एक-दोन आयांना घरी येऊन 'समजावलं' गेलं. मुली मागे हटल्या नाहीत. आज किल्ली ग्रामपंचायत कार्यालयात आहे आणि पहाटे मुली मैदानावर धावतात. अजूनही एखाद्या दिवशी फाटकाला नवं कुलूप दिसतं. त्या दिवशी त्या रस्त्यावर जात नाहीत. फाटकासमोर उभ्या राहतात आणि सरपंचांना फोन लावतात.

तुमच्या गावाच्या मैदानाची किल्ली कुणाकडे आहे? उद्या सकाळी जाऊन विचारा.

जय भीम!