लाजेचा बाजार आणि जखमेची उपेक्षा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही मराठवाड्यातील म्हण अभिमानाची की थट्टेची, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. एका बाबतीत मात्र ती आज अक्षरशः खरी ठरली आहे. युरोप-अमेरिकेच्या शहरांत विकली जाणारी लाज आता परभणी जिल्ह्यातही त्याच वेष्टनात विकली जाते. टक्कल पडलेल्या डोक्यावर सुईने शाईचे हजारो ठिपके उमटवायचे आणि तेथे बारीक कापलेले केस असल्याचा भास निर्माण करायचा, या प्रक्रियेला ‘स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन’ असे भारदस्त नाव आहे. मराठीत तिला टाळूवरचे सूक्ष्म गोंदण म्हणता येईल. मोठ्या शहरांतील केशोपचार केंद्रांच्या जाहिराती जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या तरुणाच्या हातातील मोबाइलवर येऊन आदळतात. त्यांत आधीचे आणि नंतरचे छायाचित्र असते, गमावलेला आत्मविश्वास परत देण्याचे आश्वासन असते, आणि खाली मासिक हप्त्यांची सोय असते.

हा पक्षाच्या साप्ताहिकाचा विषय आहे काय, असे काही कार्यकर्ते विचारतील. पीकविमा, पाणी आणि रोजगार हमी सोडून टकलावर चर्चा करणे त्यांना चैन वाटेल. उलट, उदारमतवादी म्हणविणारे सांगतील की डोके ज्याचे, पैसा त्याचा. इतरांनी त्यात पडू नये. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि दोहोंचा लाभ एकालाच होतो. पहिले उत्तर लाजलेल्या तरुणाला थट्टेच्या स्वाधीन करते, दुसरे त्याला बाजाराच्या स्वाधीन करते. थट्टेला भ्यालेला माणूस हेच बाजाराचे सर्वांत हुकमी गिऱ्हाईक असते.

ठिपक्यांचा व्यवहार

गोंदण मराठवाड्याला नवे नाही. जत्रेत बसून गोंदवून घेतलेली हिरवी नक्षी अनेक घरांतील आजीच्या कपाळावर आणि मनगटावर आजही दिसते. टाळूवरचे गोंदण त्याच कलेचे नवे रूप आहे. यात शाई नेहमीच्या गोंदणापेक्षा उथळ सोडली जाते आणि काम साधारणतः दोन ते चार बैठकांत, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून पुरे होते. या प्रक्रियेने एकही नवा केस उगवत नाही. काही वर्षांनी ठिपके फिकट होतात आणि पुन्हा सुईखाली बसावे लागते. म्हणजे एकदा गिऱ्हाईक झालेला माणूस बहुधा कायमचाच गिऱ्हाईक होतो.

हात कच्चा असेल आणि सुई खोल गेली, तर शाई पसरते, तिला निळसर छटा येते. सुई निर्जंतुक नसेल तर ‘ब’ आणि ‘क’ प्रकारच्या काविळीचा व एचआयव्हीचा संसर्ग संभवतो. व्रणाच्या कातडीत शाई सारखी बसत नाही; ज्यांच्या जखमा भरताना कातडी गाठीसारखी वाढते, त्यांना तर हा उपाय अपायकारकच ठरू शकतो. डोक्यावर चाई पडून केस गेले असतील, तर अनेकदा ते आपोआप परत येतात; त्यावर घाईने शाई भरण्यात काय अर्थ आहे? यांपैकी किती गोष्टी त्या रंगीत जाहिरातीत असतात, हे ज्याने त्याने पाहावे.

या उपायाचा सरसकट निषेध करणे मात्र अन्यायाचे होईल. भाजल्याचा, शस्त्रक्रियेचा किंवा अपघाताचा व्रण डोक्यावर वागविणाऱ्या माणसाला या ठिपक्यांनी दिलासा मिळत असेल, तर तो त्याचा हक्क आहे. टक्कल असलेल्याने स्वखुशीने ते करून घेतले, तरी तो गुन्हेगार नव्हे. वादाचा मुद्दा सुई हा नाही. लाज कोण निर्माण करतो आणि तिची किंमत कोण वसूल करतो, हा आहे.

दोष डोक्याचा की भावाचा?

ग्राहक हा राजा आहे, त्याला हवे तेच बाजार पुरवितो, असे अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत शिकविले जाते. जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ साली या समजुतीवर बोट ठेवले. जो उद्योग गरज भागवितो तोच जाहिरातीद्वारे ती गरज निर्माणही करीत असेल, तर ती भागविल्याचे श्रेय त्याला देता येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. केशोपचाराचा धंदा याचे चोख उदाहरण आहे. पुरुषांचे केस वयाबरोबर विरळ होणे ही बहुतांशी आनुवंशिक आणि संप्रेरकांशी निगडित, सर्वसामान्य गोष्ट आहे. तिला आधी व्यंग ठरवायचे, मग त्या व्यंगावर उपाय विकायचा, असा हा दुहेरी व्यापार आहे.

परभणीचा तरुण त्यात सापडतो, कारण त्याच्यापुढे खरा पेच उभा आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. महाराष्ट्र त्यावर हसला. पण शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे दुःख परभणीच्या गावागावांत आहे. त्याचे कारण त्याच्या कपाळाच्या रुंदीत शोधणे म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि मराठवाड्यातील असंख्य शेतकऱ्यांना त्याहून पुष्कळ कमी भावाने माल द्यावा लागला. ज्या घरात वर्षाचे उत्पन्न असे बुडते, त्या घरात मुलगी देताना बाप कचरतो. मुलगीही शेतीच्या कष्टाला नकार देते, आणि तो तिचा अधिकार आहे. मुलींच्या जन्माला नाकारणाऱ्या समाजात मुलींची संख्या घटली, हेही त्याचे एक कारण आहे. भाव, रोजगार आणि स्त्रीचे स्थान हे प्रश्न व्यवस्थेचे आहेत. बाजार ते उचलून एकेका तरुणाच्या टाळूवर ठेवतो आणि हजारो रुपये घेऊन तेथे ठिपके काढून देतो. ठिपके सुकतात, हप्ते सुरू होतात, सोयाबीनचा भाव होता तेथेच राहतो.

बुलढाण्याचा धडा

केस गेल्यावर समाज माणसाशी कसा वागतो, हे विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याने नुकतेच दाखविले. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुका व परिसरातील गावांत माणसांचे केस अचानक मुळासकट गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडू लागले. १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाल्याचे वृत्तपत्रांनी दिले. प्रारंभी पाण्यावर संशय होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढलेले आढळल्याचे सांगितले आणि स्वस्त धान्य दुकानांतून आलेल्या गव्हाकडे बोट दाखविले. हे तेच बावस्कर, ज्यांनी महाडला विंचूदंशावरील उपचारांत मोलाचे काम केले.

या गावांतील मुलींनी शिक्षण सोडल्याच्या आणि ठरलेली लग्ने मोडल्याच्या वार्ता आल्या. शिधापत्रिकेवरचा गहू खाणाऱ्या गरिबाने असा कोणता अपराध केला होता? तेथे हवी होती ती धान्याची तपासणी, रक्ताची तपासणी आणि दोषींची जबाबदारी. समजा, या गावांत कोणी सुई आणि शाई घेऊन गेला असता, तर प्रत्येकाला लाज झाकण्याचे साधन मिळाले असते आणि विषारी धान्याचा प्रश्नही त्याबरोबर झाकला गेला असता. खासगी उपाय सार्वजनिक प्रश्नाला अदृश्य करतो, तो असा.

मळणीयंत्रापुढील स्त्री

आता खऱ्या जखमेकडे वळू. ऑक्टोबर आला की परभणी जिल्ह्यात सोयाबीनची मळणी सुरू होते. मळणीयंत्राच्या उघड्या पट्ट्याजवळ पेंढ्या लावणाऱ्या मजूर स्त्रीचा पदर किंवा वेणी यंत्रात ओढली गेली, तर टाळूची कातडी केसांसकट निघते. ती वाचली, तरी उरलेले आयुष्य डोक्यावर पदर घट्ट ओढून काढते. तिने आत्मविश्वास गमावला तो कोणत्याही जाहिरातीमुळे नव्हे; पट्ट्यावरच्या काही रुपयांच्या लोखंडी आवरणाअभावी गमावला. अशा यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. त्याचे नाव तरी किती शिवारांत पोचले आहे?

राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला आणि हातपाय वा डोळा गमावल्यास मदत आहे. सोलून निघालेल्या टाळूचे नाव त्यात नाही. शिवाय ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. दुसऱ्याच्या शेतावर राबणारी भूमिहीन स्त्री तिच्या बाहेरच राहते. म्हणजे ज्याच्या डोक्याला जखम नाही त्याच्यामागे बाजार हात धुऊन लागतो, आणि जिच्या डोक्याला जखम आहे तिला बाजारही विचारीत नाही, शासनही विचारीत नाही. कारण तिच्यापाशी हप्ता भरण्याची ऐपत नाही.

हा फरक सरकारला कळत नाही असे नव्हे. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला, तेव्हा केसरोपण व सौंदर्यशस्त्रक्रिया आरोग्यसेवेच्या करमाफीतून वगळण्यात आल्या. मात्र जन्मजात दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्यासाठी शस्त्रक्रिया असेल, तर तिला माफी ठेवली. हौस आणि गरज यांतला भेद कर वसूल करताना ज्या शासनाला अचूक समजतो, तोच भेद उपचार देताना त्याला का समजू नये?

कायद्यातील पळवाट

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘जे’ अनुसूचीत, जे विकार बरे करण्याचा दावा औषधविक्रेत्याला करता येत नाही त्यांची यादी आहे. तिच्यात टक्कल आहे, नवे केस उगविणेही आहे. पण सुईवाला औषध विकत नाही. तो केवळ दिसणे विकतो, त्यामुळे हे बंधन त्याला सहज चुकविता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली केसरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढून, कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून मिळविलेले ज्ञान हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे बजावले. त्या सूचना डॉक्टरांसाठी आहेत. डॉक्टर नसलेल्या माणसाने सौंदर्यगृहात बसून टाळूत शाई टोचली, तर त्याचे प्रशिक्षण कोण तपासणार?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. टाळूवरील गोंदण करणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी व्हावी. निर्जंतुक सुया, शाईतील घटकांची माहिती आणि लेखी संमती सक्तीची असावी. लग्नाची किंवा नोकरीची भीती घालणाऱ्या जाहिरातींवर बंदी यावी. भाजणे, यंत्राचा अपघात आणि आजार यांमुळे आलेल्या व्रणांवरील पुनर्रचनेचा उपचार, जेथे उपयुक्त असेल तेथे हे गोंदणसुद्धा, सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळावे. अपघात अनुदानात टाळू आणि चेहऱ्याच्या गंभीर इजेचा समावेश व्हावा व भूमिहीन मजुराला त्यात स्थान मिळावे. आणि येत्या हंगामात प्रत्येक मळणीयंत्राच्या पट्ट्यावर आवरण आहे की नाही, हे कार्यकर्त्यांनी शिवारात जाऊन पाहावे. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

केसांचा प्रश्न क्षुद्र आहे असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी महाराष्ट्राचा इतिहास आठवावा. याच भूमीत धर्माच्या नावाने विधवेचे केस कापून तिला आयुष्यभर लज्जित ठेवले जात होते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ते विद्वान नव्हते, हातावर पोट असलेले कारागीर होते. आपल्या वस्तऱ्याचा उपयोग दुसऱ्याला लाजविण्यासाठी होऊ द्यायचा नाही, एवढे त्यांना कळले होते. आज सुई चालविणारा कारागीरही पगारावर राबणारा कामगारच आहे. त्याच्याशीही या भाषेत बोलता येईल. मात्र त्याआधी बैठकीत टकलावरून होणारी थट्टा कार्यकर्त्यांनी स्वतः बंद केली पाहिजे. टक्कल पडलेला तरुण आणि टाळू गमावलेली मजूर स्त्री, दोघांनाही संघटनेच्या बैठकीत डोके न झाकता बसता आले, तर बाजाराचे निम्मे गिऱ्हाईक तेथेच तुटेल.