सोयीचा बावटा



धक्क्याला जहाज लागलं की त्याच्या ढुंगणाकडं बघा. तिथं गाव लिहिलेलं असतं. मोनरोव्हिया. पनामा. माजुरो. मालक ग्रीसचा, माल आपला, खलाशी रत्नागिरीचा आणि बावटा लायबेरियाचा! याला म्हणतात सोयीचा बावटा. सोय कुणाची, ते विचारू नका.

थेरं जुनी आहेत. 1922 साली दोन अमेरिकन प्रवासी जहाजांनी पनामाचा बावटा लावला, कारण घरी दारूबंदी होती. 1948 साली लायबेरियानं हेच दुकान उघडलं. त्याचा कारभार चालतो अमेरिकेतून. आज जगातल्या जहाजांची 40 टक्क्यांहून जास्त टन-क्षमता लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटं या तिघांच्या नावावर आहे.

मालक म्हणतात, करानं आणि बाबूंनी आम्हाला हाकललं. सगळंच खोटं नाही. एका दाखल्यासाठी चपला झिजवलेल्या माणसाला बाबू काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. पण पुढचं ऐका. 2004 साली सरकारनं टनेज कर आणला. नफ्यावर नाही, जहाजाच्या टनांवर कर. मालकांचीच मागणी. तरी काय झालं? 1980 च्या दशकाअखेर आपल्या परदेशी व्यापारातला सुमारे 40 टक्के माल भारतीय जहाजं नेत. 2018-19 पर्यंत हा वाटा 10 टक्क्यांच्या आत आला. इथं कर्ज महाग, बाकीचे कर तसेच. आणि तुम्ही कितीही खाली उतरा, तिकडचा त्याहून खाली बसलेला. या विहिरीला तळच नाही. 2021 साली 136 देशांनी बड्या कंपन्यांवर किमान 15 टक्के कर कबूल केला. त्यातूनही आंतरराष्ट्रीय जहाजवाहतुकीची कमाई वगळली.

आणि खलाशी? पगार बुडवून मालक पळाला तर त्यानं कुणाचं दार ठोठवायचं? 2024 साली जहाजावर वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वांत जास्त भारतीय होते, असं आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ सांगतो.

आमचं म्हणणं सरळ आहे. बाबूचे शिक्के कमी करा, जरूर करा. पण शिक्क्यांबरोबर मजुरीचा आणि सुरक्षेचा कायदा समुद्रात बुडवू नका. बावटा कुठलाही असो, खलाशांच्या पगाराचा हिशेब चुकता केल्याशिवाय धक्क्यावरून दोर सुटता कामा नये.

मालकाला बावटा बदलता येतो. बिडी-काडेपेटीवर कर भरणाऱ्या हमालाला कुठला पनामा?