विश्लेषण : विदर्भाच्या उन्हात गेमिंग लॅपटॉप का अडखळतो? पडद्यावर रेषा आल्या म्हणजे चिप गेली का?

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा चाळिशीपार गेला की कळंबसारख्या गावातल्या घरात लॅपटॉपही त्रास देऊ लागतो. पंखा जोरात फिरतो, गेम अडखळतो, पडद्यावर रंगीत चौकोन दिसतात आणि कधी लॅपटॉप अचानक बंद पडतो. अशा वेळी ‘ग्राफिक्स चिप गेली, बोर्ड बदलावा लागेल’ असे सांगितले जाते. हप्त्यावर घेतलेल्या महागड्या लॅपटॉपसाठी हे वाक्य घराचे महिन्याचे गणित बिघडवणारे असते. पण ते नेहमी खरे असते का?

लॅपटॉप किती उष्णतेसाठी बनवलेला असतो?

बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात वापरासाठी खोलीचे कमाल तापमान सुमारे ३५ अंश सेल्सियस देतात. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी हा आकडा सहज ओलांडला जातो. पंखा हवा थंड करत नाही. तो फक्त खोलीतली हवा चिपवरच्या धातूच्या पट्ट्यांतून बाहेर फेकतो. त्यामुळे चिपचे तापमान खोलीच्या तापमानाला बांधलेले असते.

साधे गणित पाहा. २५ अंशांच्या खोलीत गेम खेळताना चिप ८५ अंशांवर असेल, तर फरक ६० अंशांचा झाला. तोच गेम, तोच पंखा, पण खोली ४२ अंशांची असेल तर चिप १०२ अंशांकडे निघते. लॅपटॉपमधल्या बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या आसपास असते. ग्राफिक्स चिपची मर्यादा साधारण त्याहून कमी असते. मर्यादा जवळ आली की चिप स्वतःच वेग कमी करते. याला ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. म्हणजे गेम अडखळणे हा अनेकदा बिघाड नसून चिपने स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न असतो.

मग पडद्यावरच्या रेषा आणि ठिपके कशाचे?

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. फक्त वेग मंदावला, पण चित्र स्वच्छ आहे, तर कारण बहुधा उष्णता असते. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर संशय ड्रायव्हरवर जातो. ग्राफिक्स चिपने सुमारे दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, म्हणून असे होते. रंगीत चौकोन, ठिपके किंवा ताणलेल्या आकृत्या दिसत असतील, तर ड्रायव्हर, जास्त तापलेली ग्राफिक्स मेमरी किंवा खराब झालेली चिप, यांपैकी काहीही असू शकते.

ड्रायव्हरचा दोष ही दुर्मीळ गोष्ट नाही. २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या नव्या ड्रायव्हरनंतर अनेक वापरकर्त्यांचे पडदे काळे पडत होते आणि कंपनीला दुरुस्तीच्या आवृत्त्या द्याव्या लागल्या. अशा वेळी चिप बदलून काहीच साधले नसते.

घरच्या घरी तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

१. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबावीत. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. चित्र सुधारले, तर दोष सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता वाढते.

२. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणावा किंवा लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरचा बसवावा.

३. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडावा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवरच रेषा असतील, तर पडदा किंवा त्याची केबल सैल किंवा खराब असू शकते. दोन्हीकडे खराबी असेल, तर संशय चिपवर किंवा ड्रायव्हरवर.

४. लॅपटॉप सुरू होताना, विंडोज येण्याआधीच्या कंपनीच्या चिन्हावरही रेषा दिसल्या, तर दोष हार्डवेअरचा समजावा. मात्र हे चित्र स्वच्छ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये साधे काम प्रोसेसरमधले ग्राफिक्स करते आणि मोठी चिप गेम उघडल्यावरच जागी होते.

५. तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर सुरू ठेवून तोच गेम पहाटे आणि दुपारी खेळून पाहावा. पहाटे सारे ठीक आणि दुपारीच गडबड, तर मूळ उष्णतेत आहे.

एकाच आकड्यावर मात्र विसंबू नये. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि ती देशभर फिरली. नंतर हवामान विभागाने तो सेन्सरचा दोष असल्याचे सांगितले. लॅपटॉपमधला सेन्सरही चुकू शकतो. आकडा आणि लक्षण जुळते का, हे पाहावे.

उपाय कोणते, आणि कोणते टाळावेत?

लॅपटॉप गादीवर ठेवू नये. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी खालून हवा मिळते. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधावी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचा अतिरिक्त वेग बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोली चांगली थंड करतो, फक्त त्याचे तुषार लॅपटॉपवर येऊ देऊ नयेत. पावसाळ्यात दमट हवेमुळे हा फायदा उरत नाही.

दोन-तीन वर्षांच्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि पट्ट्यांच्या मध्ये धुळीचा थर बसतो, थर्मल पेस्ट वाळते. सफाई आणि नवी पेस्ट हे काम बोर्ड बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, म्हणून ते आधी करावे. वॉरंटी चालू असेल, तर उघडण्यापूर्वी अटी वाचाव्यात.

चिप तापवून ‘जिवंत’ करण्याचा उपाय टाळलेलाच बरा. तो सहसा फार काळ टिकत नाही. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. वापर आणि चार्जिंग लगेच थांबवावे.

दोष कंपनीचाच असेल तर?

असे घडलेले आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिप सदोष असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. चिपच्या जोडणीतले साहित्य वारंवार तापण्या-थंड होण्याने तग धरत नव्हते. म्हणजे ‘तुमच्याकडे ऊनच जास्त’ हे उत्तर प्रत्येक वेळी पुरेसे नसते.

कळंबहून यवतमाळ किंवा नागपूरचे सेवा केंद्र गाठण्याआधी बिघाडाचा व्हिडिओ आणि तापमानाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. लॅपटॉप देताना जॉबशीटवर नेमके लक्षण लिहून घ्यावे. तोडगा न निघाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडेही दाद मागता येते. म्हणजे कळंबच्या ग्राहकाला कंपनीच्या शहरात जाण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

बोर्ड बदलण्याला होकार देण्यापूर्वी पहाटेची एक चाचणी, जुना ड्रायव्हर आणि धुळीची सफाई, एवढे झालेले असावे.