अपडेट मार आणि मोकळा हो!

मंडळी, गेल्या महिन्यात ऑफिसात माझं आमच्या लीडशी कडाक्याचं वाजलं. विषय काय, तर एका टेबलातला एक कॉलम. घरी सांगितलं तर बायको हसून हसून लोळायची बाकी राहिली. पण मला काही तो विषय सोडवत नाही, तेव्हा हा शनिवार त्याच्याच नावानं.

आमचा क्लायंट म्हणजे अमेरिकेतली देणग्या गोळा करणारी एक संस्था. तिची पत्रं अजून टपालानं जातात. तिथे घाऊक सवलतीच्या दरात पत्रं टाकायची तर पोस्टाची एक अट असते. टाकण्याआधीच्या ९५ दिवसांत, मान्य असलेल्या एखाद्या पद्धतीनं, यादीतले पत्ते ताजे केलेले हवेत. त्यातली एक पद्धत म्हणजे एनसीओएलिंक. घर बदलताना लोक पोस्टात फॉर्म भरतात, त्यातल्या कायमच्या बदलांच्या सुमारे १६ कोटी नोंदी, मागच्या ४८ महिन्यांतल्या. पोस्ट हा डेटा परवानाधारक कंपन्यांना देतं आणि त्या कंपन्या त्यावर वेब सर्व्हिस चालवतात. यादी अपलोड करा, जॉब संपायची वाट बघा, निकाल उतरवून घ्या. यादीत किमान १०० वेगवेगळी नावं-पत्ते लागतात, म्हणजे एकट्या मेव्हण्याचा नवा पत्ता गुपचूप काढता येत नाही :-)

इथवर सगळं झकास. कोड मी दोन दिवसांत लिहिला. भांडण लागलं ते आलेल्या नव्या पत्त्याचं करायचं काय यावरून.

लीड म्हणाले, "अरे, खुद्द पोस्टानं सांगितलंय ना? मग अपडेट मार आणि मोकळा हो."

म्हणजे जुना पत्ता पुसा, त्याच कॉलमात नवा कोंबा. याला माझा सक्त विरोध होता आणि आहे. कारण पोस्ट "हा माणूस इथे राहतो" असं सांगतच नाही. ते एवढंच सांगतं की या नावाशी आणि या जुन्या पत्त्याशी जुळणारा एक फॉर्म आमच्याकडे आहे. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आमच्या धंद्यात तो रोज गिळला जातो.

एक उदाहरण देतो, आमच्याच तक्रारींच्या रांगेतलं. एक बाई, संस्थेच्या जुन्या देणगीदार. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला आणि फॉर्म भरताना त्यानं 'एकट्याचा' ऐवजी 'कुटुंबाचा' बदल अशी खूण केली. कुटुंबाचा फॉर्म असला की त्या पत्त्यावरचं तेच आडनाव असलेलं कोणीही जुळतं. झालं! आई आपल्या घरात बसलेली, आणि आमच्या लेखी ती मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटवर पोचली. करासाठी लागणारी देणगीची पावतीही तिकडेच गेली. बाईंनी पोस्टात जाऊन चूक दुरुस्त करून घेतली. आमच्याकडे मात्र काहीच दुरुस्त झालं नाही.

का? तर या सर्व्हिसला विचारायचं म्हणजे नाव आणि जुना पत्ता द्यावा लागतो. डेटाबेस चाळता येत नाही. तो जुना पत्ताच आम्ही पुसून बसलो होतो! पुढच्या खेपेला बाईंचं नाव आणि मुलाचा पत्ता पाठवला, उत्तर आलं ००, म्हणजे जुळणी नाही. ते आमच्या रिपोर्टात हिरव्या रंगात, 'सर्व ठीक' म्हणून. चुकीवर चुनकाळी फासून वर तोरण बांधण्याचा प्रकार.

दुसरं दुखणं ९१ आणि ९२ या कोडचं. स्वच्छ जुळणीला 'ए' मिळतो. हे दोन मिळतात तेव्हा एका बाजूला फ्लॅट नंबर आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तो बाजूला ठेवून जुळवलंय. नवा पत्ता तरीही येतो. आता एखाद्या मोठ्या बिल्डिंगमध्ये एकाच नावाचे दोघे असतील तर? न्यू जर्सीतल्या पटेलांचा विचार करा म्हणजे कळेल.

लीडचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. या डेटातून 'नुकतं घर बदललेल्यांची' यादी बनवायला पोस्टाची बंदी आहे, आणि यादीच्या मालकाला तसं लिहून सही द्यावी लागते. जुने-नवे पत्ते तारखेसकट ठेवले की मार्केटिंगवाला एका क्वेरीत ती यादी काढणार. भीती खरी आहे. (सोफेवाले आणि पडदेवाले अशा यादीसाठी जीव टाकतात.) पण त्यावर उपाय म्हणजे ते टेबल मार्केटिंगपासून कुलपात ठेवणं. चोर येईल म्हणून कोणी घरातले दागिने नदीत टाकत नाही.

आणि हो, "आपल्याला काय, क्लायंटची यादी" हे मला चौघांनी ऐकवलं. ज्या बाईची पावती हरवली तिनं आपल्याला शोधून फोन केला नाही, म्हणून आपलं काही नाही?

असो. तीन मीटिंगांनंतर जुने पत्ते वेगळ्या टेबलात ठेवायला मंजुरी मिळाली, आणि दर खेपेला मूळ पत्ताही तपासायचं ठरलं. ९१ आणि ९२ अजून 'ए'च्याच पंक्तीला जेवतायत. त्यावर सोमवारी पुन्हा बसायचंय.